हुनेरोच्या हंडीतला देव

हुनेरो तोंडाची वाईट होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते तिच्या तोंडापायीच झालं असं आमच्या गावातली अर्धी माणसं अजून म्हणतात. तिची नि माझी भिंत एक. लोकांना सकाळी उठायला कोंबडा लागतो. आमच्या आळीला हुनेरो होती. ओल्या सरपणाला शिवी, आंबायला नकार देणाऱ्या पिठाला शिवी, पाण्याचं गाढव उशिरा आणणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिवी. तिचा नवरा राजाच्या थडग्याचं खोदकाम करताना डोंगरात दरडीखाली गेला, तेव्हा बाकीच्या बाया डोक्यात धूळ घालून रडल्या आणि ही डोंगराकडं तोंड करून त्याला वाट्टेल ते बोलली. डोंगर गप्प बसला म्हणून आणखी बोलली.

तिचं काम दारू गाळायचं. सातूचे जाडजूड रोट वरून भाजायचे, आत कच्चे ठेवायचे, पाण्यात कुस्करायचे, खजूर टाकायचा, आंबलं की टोपल्यातून गाळून मडक्यांची तोंडं चिखलानं लिंपायची. हे तर आमच्यात सगळ्याच बाया करतात. पण देवाच्या पुढ्यात जाणारी दारू हुनेरोची. तिच्या सासूच्या सासूपासून ते काम त्या घरात होतं. मडक्याचं तोंड फोडलं की वास गल्लीभर जायचा आणि भांडणारी माणसं भांडण अर्धं टाकून यायची. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. नवरा नाही, लेकरू नाही. चूल, रांजण, टोपली, आणि देव आपल्या हातचं पितो ही एक गोष्ट.

आता देवाचं सांगतो. आमचा आमून हंस आहे. कालव्यापलीकडं एडक्याचं गाव आहे, तिथं तो वळल्या शिंगांचा एडका आहे. नदीपल्याड मोठ्या देवळात तो माणूस आहे, निळ्या अंगाचा, डोक्यावर दोन उंच पिसं. देव एकच. हे दूधपितं पोरसुद्धा जाणतं. पण कालव्याच्या पाण्यावरून वाजलं की एडक्याच्या गावचे म्हणतात, तुमचा देव चिखलात पाय मारतो. आम्ही म्हणतो, तुमचा देव लेंड्या टाकतो. मग डोकी फुटतात. दोन्हीकडचे जखमी घरी जाऊन एकाच आमूनला नवस बोलतात.

आमच्या देवळात आमून दोन प्रकारे राहायचा. आत लाकडाचा हंस, सोन्याचा पत्रा चढवलेला, तो सणाला पालखीतून निघायचा. आणि बाहेर जिवंत हंस, पायात निळ्या मण्यांची दोरी, तो रोजच निघायचा. कुणाच्या कांद्याच्या वाफ्यात, कुणाच्या वाळत घातलेल्या धान्यात. त्याला हाकलायचं नाही. हात जोडायचे आणि तो खाऊन जाईतो उभं राहायचं.

हुनेरोच्या अंगणात तो रोज यायचा. गाळून उरलेला चोथा ती भिंतीशी टाकायची, तो त्याला गोड लागायचा. चोथ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता, पण तो टोपलीतला खजूरही उचलायचा आणि एकदा त्यानं आंबवणीच्या रांजणात मान घातली. तेव्हा ती झाडू घेऊन त्याच्या मागं गल्लीभर धावली. "ये परत," ती ओरडत होती, "ये, हंडी चढवूनच ठिवलीय. कांदा तेवढा चिरायचा ऱ्हायलाय." ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. मी ऐकलं. आम्ही हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हंस दिसेनासा झाला.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग शोध सुरू झाला. मग देवबाप पेनबुई स्वतः घरोघर फिरला. आमच्यात पुजाऱ्याला देवाचा बाप म्हणतात. पेनबुई ते नाव अंगरख्यासारखं घालून हिंडायचा. डोक्यावर एक केस नाही, भुवया काढलेल्या, मासा खात नाही, खाणाऱ्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. हुनेरोच्या अंगणात त्याला चोथ्याच्या ढिगावर पिसं सापडली. सापडणारच. तो हंस रोज तिथं पंख फडफडवत बसायचा. पण पेनबुईनं ती पिसं दोन्ही हातांत धरून, प्रेत न्यावं तशी गल्लीतून नेली.

पालखी निघाली. आमच्यात फिर्याद अशी चालते: पालखी भोयांच्या खांद्यावर उभी करायची आणि देवाला विचारायचं. देव पुढं सरला तर हो, मागं सरला तर नाही. भोई आपल्यातलेच, पाळीपाळीनं. मीही खांदा दिलाय. आजवर एकाही भोयानं आपण ढकललं असं म्हटलेलं नाही, आणि खोटंही कुणी बोलत नाही. खांद्यावर ओढ येते आणि पाय उचलतो. प्रत्येकाला वाटतं ओढ दुसऱ्याकडून आली, म्हणजे देवाकडून. त्या दिवशी पुढच्या दांड्याला काहा होता. काहा म्हणजे पेनबुईचा मेहुणा. काहाची बायको तुई हीसुद्धा दारू गाळायची, आणि तिची दारू देवापुढं का जात नाही हे ती पाणवठ्यावर वर्षानुवर्षं विचारत आलेली.

पेनबुईनं विचारलं, "बाबा आमून, माझ्या मालका, तुझं जिवंत अंग हुनेरोनं मारून खाल्लं का?"

पालखी पुढं आली. नुसती आली नाही, हुनेरोच्या छातीला दांडा लागेतो आली.

तिनं छातीवरचा दांडा हातानं बाजूला सारला.  मग ती लाकडाच्या हंसाकडं बघून म्हणाली, "खोटं."

देवाला खोटं म्हणायचं नसतं असं नाही. आमच्यात म्हणता येतं. निकाल नाकारता येतो, पुन्हा विचारता येतं. पण ते हळू म्हणतात, नाक जमिनीला लावून. हिनं देवाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं.

पंचांनी ठरवलं की पुराच्या सणाला देव बाहेर पडेल तेव्हा तिला चौकात काठ्या मारायच्या, रांजण नि टोपल्या तुईच्या हवाली करायच्या, आणि हिला गावच्या भिंतीबाहेर काढायचं. डोंगर नि वाळवंटाच्या मधल्या पट्ट्यात एकटी बाई किती दिवस टिकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन रोट थापायला बसली. थापा इतक्या जोरात बसत होत्या की माझ्या बाजूचा भिंतीचा लिंपा गळत होता.

मी भिंतीवरून म्हणालो, "आक्का, नाकारलंयस खरं, पर आता काय?"

"आता एडक्याच्या गावाला जाती," ती म्हणाली. "तिथं इचारती."

"अगं, त्यो बी त्योच देव."

"त्योच हाय म्हणूनच जाती. त्योच असंल तर त्याला ठाऊक असंल मी काय खाल्लं नि काय न्हाई. हितं भोयांच्या खांद्यांनी त्याचं डोकं फिरवलं असंल. तिथं तरी ताळ्यावर असंल."

दुसऱ्या दिवशी दारूचं एक मडकं डोक्यावर घेऊन ती निघाली. मीही मागं गेलो. कुणीतरी साक्षीला हवं म्हणून, आणि खरं सांगायचं तर काय होतंय ते बघायचं होतं म्हणून.

एडक्याच्या गावात तिचं स्वागत झालं म्हणजे काय सांगू. हंसाच्या गावानं दोषी ठरवलेली बाई आपल्या देवाकडं न्याय मागायला आली, हे कळताच माणसं शेतं टाकून आली. पालखी सजवून निघाली. त्यांचा एडका सुरेख आहे, शिंगांवर बैलांनाही लाजवील असला सोन्याचा वळसा. त्यांच्या देवबापानं प्रश्न पुरता विचारलाही नव्हता. "हुनेरोनं हंस..." एवढंच तोंडातून बाहेर पडलं आणि पालखी धाडकन मागं सरली, इतकी मागं की शेवटचे भोई कुंपणावर आपटले. गर्दी खिदळली. एकजण ओरडला, हंसगावच्यांना सांगा, आमच्या आमूननं तुमच्या आमूनला तोंडघशी पाडलं. दुसरा म्हणाला, खाल्ला असंल तर बरं केलंस बाये, शिजला का नीट? आणि तिथल्या देवबापानं पोट धरून हसत तिला सांगितलं की तू इथंच राहा, आमच्या देवाला दारू गाळ, आमच्या बायांची पांचट असते.

मला वाटलं सुटली. मी खूश झालो.

हुनेरोनं डोक्यावरचं मडकं उतरवलं नव्हतं. ती त्या देवबापाला म्हणाली, "मी न्हाई खाल्लं म्हणून मागं सरला का, तुमास्नी आमच्या गावाचं नाक कापायचं व्हतं म्हणून सरला?"

तो म्हणाला, "सरला न्हवं? तुला काय करायचंय?"

"मला करायचंय. माझा प्रश्न तरी पुरा ऐकायचा व्हता त्यानं."

आणि मडक्यासकट ती माघारी फिरली. एक थेंब तिथं ठेवला नाही. तिच्या मागं धावताना मी तिला खूप बोललो. म्हटलं, आयतं सुटत व्हतीस, देवाचा शब्द मिळाला, शब्द कसा का मिळंना. ती थांबली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तुईचा नवरा आहे. "हितं बी खांदं, तिथं बी खांदं," ती म्हणाली. "आपल्या गावच्या खांद्यांस्नी माझं रांजण हवंत, एडक्याच्या गावच्यांस्नी गंमत हवी. देव कुठं हाय त्यात? मला देवानं सांगायला हवंय. माझ्या देवानं. ज्याला मी पाजलं त्यानं."

कालव्याच्या कडेनं ती पुढं नि मी मागं असे चाललो. पपायरसच्या उंच लव्हाळ्याचं बेट लागलं तिथं ती पाणी प्यायला वाकली आणि तिच्या तोंडापुढंच फुत्कार आला. मी साप म्हणून मागं उडी मारली. साप नव्हता. ताटांच्या बुडाशी, वाळल्या पानांच्या खळग्यात, मान लांब करून हंस बसला होता. एका पायात निळ्या मण्यांची दोरी. आणि पंखाखालून पिवळी पिवळी डोकी बाहेर निघत होती.

आम्ही दोघंही बघत राहिलो. आमच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या देवाचा हंस पाळतात. एक गेला की देवबाप दुसरा निवडून आणतो. नर आहे की मादी हे कुणी कधी बघितलेलं नाही. देवाच्या शेपटीखाली बोट कोण घालणार? आमून तो आहे म्हणून हंसही तो. एवढं सोपं.

हुनेरोनं कपाळावर हात मारला. "मादी हाय," ती म्हणाली. "ही हितं अंडी उबवीत बसली व्हती आणि मी तिला पोटात घिऊन हिंडतीय."

दारू तिनं कालव्यात ओतली. मडकं मला दिलं. तिनं पिल्लं लुगड्याच्या ओच्यात भरली आणि आई चोच मारीत, पंख आपटीत तिच्या मागं आली. गावात शिरेपर्यंत हुनेरोच्या पोटऱ्या रक्ताळल्या होत्या. तिनं त्या हंसिणीला एकही शिवी दिली नाही.

चौकात सगळे जमले. पेनबुई आला. पिल्लं जमिनीवर सोडली तशी ती थेट हुनेरोच्या अंगणाच्या दिशेनं चालू लागली, चोथ्याच्या वासावर. बाया हसायला लागल्या. मीही म्हटलं, झालं, संपलं. मणी आहेत, हंस आहे, आता काय उरलं.

पेनबुईनं गुडघे टेकले आणि हंसिणीला नमस्कार केला. मग उठून शांतपणे सगळ्यांना सांगितलं की हे फार मोठं घडलंय. देवाला मारलं तरी देव मरत नाही. तो एडका होतो, हंस होतो, मनुष्य होतो, वारा होतो. हुनेरोनं त्याचं एक अंग खाल्लं, आणि त्याची दया एवढी की तो दुसरं अंग घेऊन आला. बापाच्या अंगानं गेला, आईच्या अंगानं परतला.

"आणि मणी?" मी म्हणालो.

"मण्यांसकट परतला," पेनबुई म्हणाला.

तो लबाडीनं बोलत नव्हता. त्याचे डोळे ओले होते. पालखी चुकली असं म्हणण्यापेक्षा देव खाल्ला जाऊन परत आला हे त्याला जास्त सोपं वाटत होतं, आणि गर्दीलाही वाटलं. बायांचं हसणं बंद झालं. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच. आणि ज्या हंसिणीला सोबत आणून हुनेरो सुटणार होती तीच तिच्या काठ्या पक्क्या करून गेली. समोर जिवंत फिरणारं पाखरू तिनं मारलं, हे आता दुप्पट खरं झालं.

हुनेरोचा चेहरा मी बघत होतो. मला वाटलं ती पेनबुईचा गळा धरणार. ती पुढं गेली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि स्वतःचं पोट थोपटलं.

"देवबापा, मी खाल्लं म्हणतोस?"

"खाल्लंस."

"मग ते कुठं गेलं?"

पेनबुईनं तिच्या पोटाकडं बघितलं.

"देव मरत न्हाई म्हणतोस. मग ह्यात हाय त्यो. एडक्याच्या गावात एडका, मोठ्या देवळात माणूस, आणि हितं हुनेरोच्या हंडीतला आमून. चल, नाक लाव जमिनीला. धूप आण. आणि कुणाला काठी मारायची हाय त्यानं म्होरं यावं, बघू देवाच्या अंगावर काठी कोण उचलतोय."

गर्दीत पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मग हसू पसरलं. काहा काठी घेऊन उभा होता. त्यानं ती हळूच पाठीमागं नेली. पेनबुईच्या बिनभुवयांच्या कपाळाला घाम आला. हुनेरो हसत नव्हती.

"देवाचा बाप म्हणवतोस," ती म्हणाली, "आणि देव गाभण हाय एवढं कळलं न्हाई तुला."

पंचांनी तिथल्या तिथं पेनबुईला बाजूला घेतलं. त्यांना पोटातल्या देवाची भीती नव्हती. एडक्याच्या गावात ही गोष्ट पोचली तर काय होईल याची होती. पंचांकडून परत आल्यावर पेनबुई हळू आवाजात म्हणाला की पाखरू तेच दिसतंय. काठ्या नाहीत, गावाबाहेर नाही, रांजण तिचेच. आता घरी जा.

दुसरी कुणी असती तर गेली असती. हुनेरो म्हणाली, "असं कुजबुजत न्हाई. ज्यानं चारचौघांत म्हटलं त्यानं चारचौघांत मागं घ्यावं. सणाला पालखी निघंल तवा इचारा. हीच पालखी, हेच भोई. काहाच म्होरं."

आणि त्यांना ते मान्य करावं लागलं, कारण सण जवळ आला होता आणि देवापुढं ठेवायला तिच्याशिवाय कुणाची दारू तयार नव्हती.

पूर चढला. पाणी लाल झालं, कालवे फुगले, भरदुपारी पालखी निघाली. ऊन असं की तापलेली माती चपलेतून भाजत होती. सगळं गाव चौकात. एडक्याच्या गावचेही काही होड्या काढून आले होते, बघायला. हुनेरो मध्यात उभी, अंगावर चांगलं धुतलेलं लुगडं, हात रिकामे.

पेनबुईनं विचारलं, "बाबा आमून, तुझं जिवंत अंग हुनेरोनं मारून खाल्लं का?"

पालखी मागं सरली. सावकाश, मोजूनमापून, पण सरली. लोकांनी सुस्कारा सोडला. वाद्यं सुरू होणार तेवढ्यात हुनेरोनं हात वर केला.

"आता माझा प्रश्न," ती म्हणाली.

तो तिचा हक्क होता. देवापुढं उभ्या असलेल्या कुणालाही विचारता येतं. पेनबुईला नाही म्हणता आलं नाही.

ती पालखीच्या अगदी जवळ गेली. काहाकडं बघितलं नाही, पेनबुईकडं बघितलं नाही. सोन्याच्या हंसाला म्हणाली, "आमूनबाबा, म्या तुला इतकी वर्सं पाजलं. माझ्या सासूनं पाजलं, तिच्या सासूनं पाजलं. त्या दिशी ह्या चौकात तू खोटं बोललास का?"

आणि मागं होऊन वाट बघत उभी राहिली.

पालखी हलली नाही.

पुढं सरली तर देव खोटं बोलला. मागं सरली तर तो खरं बोलला होता, म्हणजे हिनं खाल्लं, आणि आत्ताच तर त्यानं खाल्लं नाही म्हटलं. आधी भोयांना कळलं, मग पेनबुईला, मग हळूहळू गर्दीला.  काहानं दांडा दोन्ही हातांनी धरला. मागचा एक भोई रडत होता की घाम होता, सांगता येत नाही. खांद्यावर ओढ आली तर पाय उचलावा. पण ओढ येईना. मीही खांदा दिलेला माणूस, माझा हात आपसूक खांद्यावर गेला.

उत्तर दिल्याशिवाय पालखी जागची हलवता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्यानं सोडलं तरच.

पेनबुई तिच्याकडं आला. भुवया नसलेलं ते तोंड पहिल्यांदाच माणसासारखं दिसत होतं. "हुनेरोबाय," तो म्हणाला, "सोड त्याला."

"मी कुठं धरलंय?" ती म्हणाली. "सांगू दे की त्याला. सवड हाय मला."

पण ती थांबली नाही. घरी तिचे रोट चुलीवर होते. ती गर्दीतून वाट काढत निघाली, लोक दोन्हीकडं सरकले, आणि चौकातला आमून डोक्यावर ऊन घेऊन तसाच उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी हंसीण पिल्लं घेऊन आडवी बसली होती. हुनेरोनं तिला पायानं बाजूला केलं, नमस्कार न करता. "सरक गं," ती म्हणाली, "चोथा ताजा हाय, पर खजराला तोंड लावलंस तर बघ."

मी भिंतीपाशी आलो तेव्हा ती रोट उलटत होती. चौकातून अजून वाद्यं वाजली नव्हती.